भाकरी प्रायव्हेट लिमिटेड

‘कंपनीचं देऊ का लोकल?’

स्कूटरचा ब्रेक-शू असो, मिक्सरचं भांडं असो, नाहीतर नळाचा वॉशर, स्पेअर पार्टच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला. कुठल्या कंपनीचं, असं उलट विचारायची रीत नाही. विचारलंच, तर दुकानदार चष्म्यावरून तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, कंपनीचं म्हणजे कंपनीचं.’ मग खालच्या ड्रॉवरमधून एक डबी निघते. तिच्यावरचं चकचकीत स्टिकर तो अंगठ्याने दोनदा घासून दाखवतो. ग्रीस लागलेले, तारेत ओवून खिळ्याला टांगलेले असतात ते लोकल. आता लोकल माल काही शेतात उगवत नाही; तोही कुठल्यातरी कंपनीतच तयार होतो. पण मराठीत कंपनी हा शब्द असा बिननावाचा आला की त्याचा अर्थ ‘अस्सल’ असा घ्यायचा आणि दीडपट पैसे मोजायचे.

लग्नाच्या बाजारातही तो बिननावाचाच फिरतो. ‘मुलगा काय करतो?’ ‘कंपनीत आहे.’ नाशकात हे वाक्य ऐकलं की सातपूर-अंबड समजायचं, संभाजीनगरात वाळूज, पुण्याकडे भोसरी-चाकण. पुढचा प्रश्न कंपनीच्या नावाचा नसतोच, तो असतो ‘परमनंट का?’ हा. पिंपरी-चिंचवडमध्ये तर या शब्दाने आठवड्याचे वारसुद्धा हलवले. तिथे कंपनीला सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मटण गुरुवारी, साखरपुडे गुरुवारी. ज्यांच्या घरात गुरुवारचा उपास असतो त्यांचं काय होतं, याचा विचार एमआयडीसीने केलेला दिसत नाही.

शिवाय नाटक कंपनी आहे. सुट्टीत ‘मामा-मामी आणि कंपनी’ येते. जत्रेत पाळणा दिसला की ‘बच्चेकंपनी’ खूश होते; ती बालवाडीतली पोरं कुठल्याही निबंधकाकडे नोंदलेली नसतात. मुंबईत एके काळी टोळीलाही कंपनी म्हणत, आणि २००२ साली त्याच नावाचा सिनेमा आला तेव्हा तो उद्योगधंद्यावरचा माहितीपट असेल असं कुणालाही वाटलं नाही.

एवढी कामं अंगावर घेतलेल्या शब्दाचं मूळ शोधायला गेलं तर वाट थेट चुलीपाशी जाते. लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव, भाकरी. एकत्र भाकरी मोडणारा तो ‘कंपानियो’, आणि अशा माणसांचा जमाव ती कंपनी. व्याकरणाच्या बाईंनी सहकुटुंब, सहपरिवार यांच्या खाली ‘सहभाकर’ असा शब्द लिहून सहबहुव्रीही समास म्हणून खूण केली असती. सहाव्या शतकाच्या सुमारास फ्रँक टोळ्यांचा कायदा लॅटिनमध्ये उतरवला गेला, त्यात हा शब्द सापडतो. मूळ कल्पना बहुधा जर्मानिक सैनिकांची, कारण गॉथिक भाषेत सोबत्याला नेमकं हेच म्हणत: जोडीने पाव खाणारा. मोहिमेवर एका पावाचे दोन तुकडे करून खाल्ले की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीत सुरा खुपसायला जरा जड जातं, एवढा साधा हिशेब असावा.

या शब्दाची भावकी आपल्याकडेही नांदते आहे. लॅटिन पानिसचं पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झालं आणि पोर्तुगिजांबरोबर ते गोव्यात उतरून मराठीत ‘पाव’ झालं. म्हणजे वडापावातला पाव आणि रिलायन्सपासून कोपऱ्यावरच्या अमुक अँड कंपनीपर्यंतची कंपनी ही सख्खी चुलत भावंडं. गोव्यात सकाळी सायकलीवरून भोंगा वाजवत पोई आणि उंडे घेऊन येणारा पोदेर त्यांचाच नातलग. आणि ऑफिसातली पँट्री! तीही पानिसचीच लेक. मूळची पाव ठेवायची खोली. दहा मजली काचेच्या इमारतीत मीटिंग रूम, सर्व्हर रूम, एचआर असं सगळं असतं. पण शब्दार्थाने जिला कंपनी म्हणावं अशी जागा तेवढी एकच, जिथे मायक्रोवेव्हसमोर रांग असते आणि कुणाच्यातरी सुकटीवरून कुजबुज चाललेली असते.

इंग्रजांनी तर आपले साहेबही पिठात मळले. ‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘पावाचा राखणदार’ या अर्थाच्या जोडशब्दाची झीज होऊन तयार झाला, आणि ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी. वेलस्ली, डलहौसी, कर्झन वगैरे मंडळी दरबारात छाती काढून बसत तेव्हा आपण मुळात भांडारी आहोत हे त्यांच्या गावीही नसावं. सॅलरीचं मूळ मिठात आहे, ही गोष्ट तर व्हॉट्सॲपमुळे शेंबड्या पोरालाही पाठ झाली आहे. तेव्हा कंपनी म्हणजे भाकर, सॅलरी म्हणजे मीठ. कांदा ज्याचा त्याने आणायचा. पगारवाढीच्या दिवसांत हा कांदा जास्त जाणवतो.

एकत्र खाल्ल्याने माणसं जोडली जातात, ही झाली युरोपातली समजूत. आपल्याकडे एकत्र खाल्ल्याने माणसं तुटत. कोण कुणाच्या पंगतीला बसतो यावर अख्ख्या समाजाची मांडणी, रोटीव्यवहार एकीकडे आणि बेटीव्यवहार त्याच्याही पलीकडे. विहिरीत पाव पडला म्हणून सगळा गाव बाटला, अशा कथा कोकणात आजी सांगत. आणि पुण्याने तर १८९०मध्ये या विषयावर एक अजरामर प्रयोगच केला. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान होतं. न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी नामवंत मंडळी आली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं फिरली. कुणी चहा प्याले, कुणी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. बोलावणं करण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशींचा, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान ते. खोडी काढण्यात या माणसाचा हात धरणारा त्या काळी पुण्यात कुणी नव्हता. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि पुढे रानड्यांसह अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटाने कंपनी स्थापन होते, असं लॅटिन भाषा म्हणते. पुण्याच्या मते एका बिस्किटाने ती बरखास्त होत होती. गोपाळरावांना लॅटिन येत असतं तर त्यांनी त्यावरही एक पत्र छापलं असतं.

भाकरीतून धंद्यात हा शब्द शिरला त्यात इटलीतल्या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सला बार्दी आणि पेरुझी या घराण्यांच्या ‘कंपान्या’ होत्या. बाप, भाऊ, पुतणे, जावई एका ताटात जेवणारे, म्हणून एका वहीत लिहिणारे. त्यांच्या खतावणीतली एक गोष्ट मला फार आवडते. भागीदारांच्या खात्यांबरोबर एक खातं ‘श्रीमान देवबाप्पा’ यांच्या नावाने असे, आणि नफा वाटला गेला की देवाचा हिस्सा त्यात जमा होऊन गोरगरिबांना जाई. आपल्या आडत्यांच्या पट्टीत ‘धर्मादाय’ असा रकाना असतो, त्याच जातीचं हे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावायला सांगितले, त्याला आता तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, स्वतंत्र विभाग आहे, वार्षिक अहवालात झाड लावतानाचे फोटो आहेत. फ्लॉरेन्सच्या देवबाप्पाला फोटो लागत नव्हता.

पण त्या कंपन्यांमध्ये एक मेख होती. ताट एक, तसं कर्जही एक. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड फ्रान्सशी लढायला निघाला तेव्हा या दोन्ही पेढ्यांनी त्याला वारेमाप कर्ज दिलं. राजाने लढाया जिंकल्या, कर्ज मात्र फेडलं नाही. १३४०च्या दशकात दोन्ही पेढ्या बसल्या, आणि पेढी बसली की भागीदारांची घरंदारंही तिच्याबरोबर जात. बड्या ऋणकोने पैसे बुडवून स्वतः ताठ मानेने फिरावं ही चाल आजची नव्हे, हे वाचून आपल्या सरकारी बँकांना थोडा धीर यायला हरकत नाही.

पुढे इंग्रजांनी जिला जन्म दिला ती आपली जुनी ओळखीची. ३१ डिसेंबर १६०० या दिवशी पहिल्या एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करायची सनद दिली. थर्टी फर्स्टला घेतलेले निर्णय सहसा टिकत नाहीत, हा टिकला. १६६८मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट या कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. मुंबईत यापेक्षा स्वस्त जागा नंतर कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही, आणि पागडीवर राहणारे काही जुने भाडेकरू सोडले तर तसा दावाही कुणी करणार नाही. जुन्या मराठी लिखाणात या कंपनीचा उच्चार ‘कुंपणी’ असा येतो. कुंपणी सरकार! मराठी कारकुनाने कानाला आलं तसं मोडीत उतरवलं असेल, पण कुंपणानेच शेत खाल्लं ही म्हण इतकी नेमकी लागू पडावी म्हणजे कमाल आहे. १८१८मध्ये पेशवाई खाऊन झाली, नंतर सातारा, मग झाशी. भाकरी वाटून खायला आलेल्यांनी शेवटी परातही ठेवली नाही.

१८५८मध्ये राज्य राणीकडे गेलं आणि १८७४मध्ये कंपनी कागदावरूनही उठली. तरी गोष्ट संपली नाही. भारतात जन्मलेल्या संजीव मेहता नावाच्या उद्योजकाने ते नाव विकत घेतलं आणि २०१०मध्ये लंडनला त्या नावाचं दुकान थाटलं. विकायला काय ठेवलं? चहा, चॉकलेटं आणि बिस्किटं. पंचहौद मिशनचं पथ्य पाळणाऱ्यांनी तिकडे जाताना जपूनच असायला हवं होतं.

आता ‘लिमिटेड’कडे वळू, कारण या एका शेपटाने भाकरीचा कायदाच बदलला. कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेले पैसे जातील, पण त्याच्या घरातली भांडी कुणी उचलून नेणार नाही, ही सोय इंग्लंडात १८५५ साली झाली. हिंदुस्थानात तो कायदा १८५७मध्ये आला. त्या साली कुंपणी सरकारला दुसरीही बरीच धावपळ होती, तेवढ्यातून त्यांनी हे काम उरकलं, याला कार्यक्षमता म्हणतात. मराठीत लिमिटेडचं ‘मर्यादित’ केलं आणि साखर कारखान्यांच्या कमानींवर जागा पुरेना म्हणून त्याचं ‘मर्या.’ झालं. मर्यादा इतकी मर्यादित करून लिहिल्यावर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवणं बरं नव्हे.

या सोयीचा मासला म्हणून लंडनच्या ॲरन सॉलोमन या बूट तयार करणाऱ्याचा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. सॉलोमनने आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात सभासद हवे होते. त्याने बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि स्वतःकडे वीस हजार एक ठेवले. भाकरीचं वाटप कसं करावं, याचा हा आदर्श. पुढे धंदा बुडाला आणि देणेकरी दारात आले, तेव्हा १८९६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे पावाच्या राखणदारांच्या सभेने, निकाल दिला की सॉलोमन वेगळा आणि सॉलोमनची कंपनी वेगळी. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचं कर्ज तिचं. तेव्हापासून ही व्यक्ती आपल्यात वावरते. ती जमीन घेते, कोर्टात जाते, तिला पॅन कार्ड मिळतं. त्यावरचं चौथं अक्षर तेवढं माणसापेक्षा वेगळं असतं. पोट मात्र तिला नाही. भाकरीवरून जिचं नाव पडलं ती कायद्यातली न जेवणारी व्यक्ती.

इकडे बालगंधर्व पाहा. १९१३मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. लोक तिला कंपनीच म्हणत. या कंपनीत पडद्यापुढे शालू आणि अत्तर, पडद्यामागे तुपातली पंगत. नट, साथीदार, आचारी, त्यांची बिऱ्हाडं, आलागेला पाहुणा, सगळे एका चुलीवर. लॅटिन अर्थाने इतकी शुद्ध कंपनी महाराष्ट्रात दुसरी झाली नसेल. व्हायचं तेच झालं, कर्ज डोक्यावर बसलं. आणि या माणसाने ते आपल्या अंगावर घेऊन वर्षानुवर्षं गाऊन फेडलं. सॉलोमनचा खटला कुणी त्यांना समजावून सांगितला असता, तर त्यांनी बहुतेक सांगणाऱ्याला आधी जेवायला बसवलं असतं.

भागधारकांची म्हणून जी थोडी भाकरी उरली होती, ती असायची वार्षिक सर्वसाधारण सभेत. शेअर म्हणजे वाटा, भाकरीचा चतकोर म्हणा हवं तर. आणि एक शेअर असला तरी माणूस सभेला जाऊ शकतो. मुंबईत बिर्ला मातुश्री सभागारात सभा असली की दादर-गिरगावातले निवृत्त काका कापडी पिशवी घेऊन वेळेच्या आधी हजर. अध्यक्षांचं भाषण चालू असताना त्यांची नजर मागच्या दारावर, जिथे खोकी रचायला सुरुवात झालेली असे. खोक्यात समोसा, वेफर्स, एक सँडविच, एक बर्फी. खोकं उघडायच्या आधी ते हातात तोलून बघायचं, म्हणजे कंपनीचं वर्ष कसं गेलं ते ताळेबंद न वाचता कळे. बर्फीवर काजूचा तुकडा असला की प्रश्नोत्तरांत कुणी संचालकांना फार छळत नसे. काही कंपन्या भेटवस्तूही देत. २०१५पासून सभेत भेटवस्तू वाटायला बंदी आली, आणि २०२०मध्ये साथीच्या निमित्ताने सभा पडद्यावर गेल्या. आता काका घरी लॅपटॉपसमोर बसून अध्यक्षांना प्रश्न विचारतात आणि चहा स्वतः करून पितात. कंपनी कायद्याने हे चालतं. व्युत्पत्तीने चालत नाही.

कामगारांच्या भाकरीचा विचार १९४८च्या कारखाना कायद्याने केला. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन काढायला लावता येईल, असं त्याच्या ४६व्या कलमात होतं. थोडक्यात, दोनशे एकोणपन्नास माणसं डब्यात मेथीची भाजी घेऊन आली, तर त्यांना सरकार काही म्हणणार नव्हतं. आणखी दोन आले की भाताचं मोठं पातेलं चढवायला लावता येत होतं. म्हणूनच असेल, एमआयडीसीतल्या फिटरला नव्या कंपनीबद्दल विचारलं तर तो पगार सांगायच्या आधी ‘कँटीन एक नंबर आहे’ किंवा ‘कँटीनला काय दम नाही’ असं सांगतो. लॅटिन न शिकता त्याने शब्दाचं मूळ बरोबर पकडलेलं असतं.

असाच आणखी एक जाणकार प्रत्येक मित्रमंडळात असतो. ‘मी घेत नाही, पण कंपनी देतो,’ म्हणणारा. हा इसम लिंबू सोडा मागवतो आणि मग शेंगदाण्याच्या बशीत उतरतो. मसाला पापड टेबलावर येतो तो त्याच्याच बाजूला टेकतो. चणाडाळ संपते, टिक्क्याच्या बशीत कांद्याच्या दोन चकत्या आणि लिंबाची फोड उरते. पिणारे आयुष्याबद्दल बोलत असतात, हा वेटरशी. बिल आलं की सारखे भाग पडतात आणि पिणाऱ्यांपैकी कुणीतरी कुरकुरतं. कुरकुरायचं कारण नाही. एकत्र खाणारे ती कंपनी, ही व्याख्या लावली तर त्या टेबलावर कंपनी तो एकटाच असतो. बाकीचे नुसते पीत होते.

आणि एकट्याच्या कंपनीला आता कायद्यानेही मान्यता आहे. २०१३च्या कायद्यात ‘एक व्यक्ती कंपनी’ असा प्रकार आला. एकच सभासद, तोच मालक, तोच संचालक. एकट्याने मिळून भाकरी खायची. फक्त एक अट आहे. या एकट्याने आपल्या पश्चात कंपनी कुणाकडे जाईल त्याचं नाव आधीच द्यावं लागतं, आणि त्या माणसाची लेखी संमतीही. माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर सल्लागाराचा व्यवसाय या प्रकारात नोंदवायला काढला. सीएच्या ऑफिसात फॉर्म भरताना नॉमिनीच्या रकान्याशी पेन थांबलं. ‘कोण?’ सीएने विचारलं. ‘कोण म्हणजे, आमची मंडळी,’ म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या वहिनींकडे बोट दाखवलं. वहिनींनी फॉर्म हातात घेतला, चष्मा चढवला, मागची बाजूही वाचली.

‘सही करते,’ त्या म्हणाल्या. ‘पण अहो, उद्यापासून डबा कंपनीने बघायचा.’